काहिलीतलं जातं

निजामाच्या शेवटच्या दिवसांत रझाकारांच्या भीतीनं आम्ही घर सोडून सीना नदीपल्याड निघालो. पाणी फार होतं, म्हणून मधल्या बेटावर रात्र काढून सकाळी पुढं जायचं, असं नदी पार करून देणाऱ्या माणसानं ठरवलं. त्याची नाव म्हणजे गूळ आटवायची काहील! तो प्रत्येक गाठोडं हातानं तोलायचा आणि निम्मं काठावरच ठेवायला लावायचा.

"बेटावर चूल न्हाय पेटवायची, जाळ लांबनं दिसतो," तो म्हणाला. " भाकरी बांधून घ्या."

आई मात्र जातं सोडीना. "सासूबाईंचं हाय," एवढंच म्हणाली.

आता हा खेकसणार, असं मला वाटलं. त्यानं जातं तोललं, काहिलीत मधोमध ठेवलं, पागोटं आईच्या हाती दिलं आणि काहिलीची कड धरून स्वतःच पाण्यात उतरला.

"बसा माय. माझं वजन म्या काढलंय."