भाड्याने देणे आहे

मी रोज वहीत चार ओळी लिहितो. हवा, भाजी, तब्येत, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पण पाट्यांचे परवाने देणाऱ्या ऑफिसात कारकुनी करणाऱ्याच्या वहीत किस्से आपोआप साचतात. सत्तरच्या दशकातल्या वह्या तर एकट्या बिराजदार साहेबांनीच भरल्या.

साहेब कुर्डुवाडीहून बदलून सोलापुरात आले. खिशात सदैव मोजायची टेप. नियम असा, की रस्त्यावर दिसणारी प्रत्येक पाटी परवान्याची हवी. मग ती ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी का असेना. पहिल्याच दिवशी त्यांनी एक पाटी उतरवली. आमच्याच ऑफिसची!

आठ दिवस लोक विचारत होते, “हापिस उठलं काय?”

*

एका घरमालकानं पाटी खिडकीच्या दाराला आतून लावली.

“साहेब, पाटी घरात हाय की!”

साहेबांनी खिडकी उघडून टेप लावली. “उघडली की एक फूट रस्त्यावर येते. खिडकी बंद ठेवा.”

“मे महिन्यात? मग खोली कोण घेणार?”

“तो आमचा विषय नाही.”

*

दुसरा एक जण पाटी हातात धरून ओट्यावर उभा राहिला. “लावली न्हाय, धरलीय!”

नियमात याला उत्तर नव्हतं. साहेब समोरच्या हॉटेलात चहा घेत बसले. एक वाजता मालकाला भूक लागली आणि त्यानं पाटी भिंतीला टेकवली.

“जप्त!”

*

साहेबांचं बिऱ्हाड गावी, मंद्रूपला, स्वतः लॉजवर. बायकोचं पत्र आलं, ‘शाळा उघडायच्या आत खोली बघा, नाहीतर पोरांची नावं इथंच घालते.’ साहेब पंधरा दिवस गल्ल्या फिरले.

“देशमाने, या गावात खोलीची एक पाटी दिसत नाही हो!”

मी ऑफिसच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. जप्त पाट्यांचा ढीग छतापर्यंत गेला होता.

*

ढिगातून साहेबांनी सुगलाबाईंची पाटी निवडली. बाई एकट्या राहायच्या, खोली हवेशीर, शाळा जवळ. पाटी काखेत मारून आम्ही दोघं गेलो.

“न्यायला एकटं आलता, आणायला दोघं व्हय?” बाई म्हणाल्या. “आदी ती हुती तितं लावा. मग खोलीचं बोलू.”

परवान्याशिवाय पाटी लावणं साहेबांना जमणारं नव्हतं. त्यांनी ओट्यावर बसून बाईंचा अर्ज स्वतः भरला, माप घेतलं, सही केली, मी शिक्का मारला. पाटी लागली, खोली मिळाली. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी मंद्रूपचं बिऱ्हाड आलं.

महिन्यानं आम्ही त्याच गल्लीत तपासणीला गेलो. साहेबांच्या दारावर अजून ‘खोली भाड्याने देणे आहे’!

“सुगलाबाई, खोली गेली. आता पाटी काढा की!”

“ऱ्हाऊ दे की साहेब. माणूस कसा निगतो, बगाया नगं? परवाना वर्साचा हाय, सही तुमचीच हाय.”

साहेबांनी खिशातून टेप काढली आणि पाटी मापली.

मापात होती.