बांधावरची फ्री किक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या फ्री किकनं मला नोकरी मिळवून दिली, ती मला मिळायलाच नको होती.

खोपोलीजवळच्या एका कारखान्याला खेळाडूंना नोकरी देऊन फुटबॉलची टीम उभी करायची होती. निवड झाली ती भातकापणीनंतरच्या शेतात. मधला बांध मोडला होता, तरी गोलसमोर त्याचा उंचवटा उरला होता. त्यावरून मारलेला चेंडू आपसूक उचलला जाई. मिडफिल्डर म्हणून माझं कौशल्य एवढंच, की नेमकं तिथं पडायचं. खुर्च्यांवरच्या साहेबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

जागा एकच उरली होती आणि उरलो होतो दोघं. मी आणि कशेळ्याचा एक बचावपटू. तो जवळ आला तसा मी कोसळलो, विव्हळलोसुद्धा.

"मी शिवलो पन नाय रं! तू तरी सांग!" तो मला म्हणाला.

मी पाय चोळत राहिलो.

"हो बाहेर," पंच त्याच्यावर खेकसले. "कुस्ती खेळायला आलायस काय?"

साहेब हसले. मला फ्री किक मिळाली आणि बांधावरून मी गोल मारला.

पुढच्या मैदानांवर बांध नव्हते, पण पडणं जमत होतं. लोक माझ्या उजव्या पायाचं कौतुक करत, मूर्ख लेकाचे! आणि मी त्यांचे हार घालून घेई, म्हणजे त्यांच्याहूनही हलका.

तो आजही कशेळ्यात शेतीच करतो. बाजारात दिसला, की "काय रं, प्लेअर?" म्हणतो. मी घाईत असल्याचं दाखवतो.

त्यानं मला हात लावला नव्हता, हे त्याच्यासमोर चारचौघांत सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.