नेमका कुठला फोटो

मला बसता येत नव्हतं. म्हणजे बसायचे, पण थोड्याच वेळात कंबरेच्या खाली, कुल्ल्यांच्या आत खोल कुठेतरी असं काही ठसठसायला लागायचं की उठल्याशिवाय चैन पडत नसे. चेन्नईच्या टोकाला, शोळिंगनल्लूरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जागा रिकामी असतानाही मी दांडा धरून उभी राहायचे. शेजारच्याला वाटायचं ही आता उतरणार. त्या रस्त्यावर तेव्हा नवी नवी ऑफिसं उभी राहत होती आणि आमचं त्यातलं शेवटच्या थांब्यावरचं.

लग्नानंतर आम्ही दोघं औरंगाबादहून चेन्नईला आलो होतो. नवरा शहराबाहेरच्या मोटारींच्या कारखान्यात, मी सॉफ्टवेअरमध्ये. वेस्ट मांबलमला पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर. वय सत्तावीस. या वयात सकाळी पलंगाची कड धरून कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग शरीर सरळ होण्याची वाट बघत भिंतीला हात टेकून उभं राहायचं, हे कुणाला सांगायची लाज वाटायची. वाकून मोजे घालता येत नसत. ते नवरा घालून द्यायचा. आणि दुपारपर्यंत मी बरीचशी बरी होत असे. त्यामुळे तर माझ्यावर कुणाचा विश्वासच बसेना.

"ऑफिसला गेलीस की बरी होतेस. घरातच काहीतरी बिघडलंय वाटतं," नवरा एकदा हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

नुंगंबाक्कमला एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कंबरेचा एक्स-रे काढायला लावला. तो स्वच्छ निघाला. दुखणं मात्र थांबेना, तेव्हा कंबरेच्या मणक्याचा एमआरआय झाला. त्यात खालच्या दोन मणक्यांमधली चकती किंचित बाहेर आलेली दिसली. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून पेनाचं टोक तिथे टेकवलं.

"हे बघा. खुर्चीतलं काम आहे ना? पट्टा वापरा आणि झोपून राहा. पूर्ण विश्रांती."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्याच्या कारखान्यात ओतीव भागांच्या आत पोकळी राहिली आहे का, ते बघायला एक्स-रे काढतात. दोष असला की फोटोत दिसतो आणि फोटोत दिसला की तोच दोष, असा त्याचा हिशोब होता. दोन्हीकडच्या आयांना फोन झाले. "चकती सरकलीय," असं मी स्वतःच सांगितलं आणि सांगताना मलाही बरं वाटलं. निदान दुखण्याला नाव मिळालं होतं.

मी रजा काढून पडून राहिले. तसे दिवस मी पुन्हा कधी काढले नाहीत. जितकी पडून राहायचे तितकी पाठ आखडत जायची. पहाटे दुखण्यानेच जाग यायची, मग पडवत नसे आणि उठायचं तर विश्रांती मोडल्याचा गुन्हा. पंखा फिरत असायचा, खाली फुलं विकणारी पूवाली ओरडत जायची, आणि मी कूस बदलायची की नाही याचा विचार करत असायचे. शेवटी एका पहाटे पट्टा काढून ठेवला आणि सरळ गच्चीवर गेले. चालत राहिले. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, परत, पुन्हा. उन्हं वर यायच्या आत पाठ सैल झाली होती.

गच्चीवर मी एकटी नव्हते. खाली राहणारे आमचे घरमालक तिथे रोज फिरायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, त्यांच्या बायकोला मामी. घराणं मूळचं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. घरात अजून मराठी बोलत, पण ती आमच्यापेक्षा जुनी, मध्येच तमिळ शब्द यायचे आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर चढायचा. मामा रेल्वेत कारकून होते, आता निवृत्त. कंबरेपासून इतके वाकलेले की चालताना त्यांना समोरच्याचे पायच दिसायचे. बोलायचं तर अंग एका बाजूला कलतं करून डोळे वर करायचे. म्हातारपणाने, नाहीतर कुठे पडल्याने असं झालं असणार, असं मी धरून चालले होते. कधी विचारलं नव्हतं.

"निजून राहायला सांगितलें होतें ना तुजला?" त्यांनी विचारलं.

"हो. पण पडलं की जास्तच दुखतं, मामा."

ते थांबले. कलते होऊन माझ्याकडे बघू लागले. "चाललें कीं बरें वाटतें?"

"हो."

"पहाटे जाग येते? अंग लाकडासारखें?"

मी मान हलवली. ते कडेला सरकले. मग भिंतीचा आधार घेत म्हणाले, "मजला असेंच होतें. तुझ्या वयांत."

मी काहीतरी बोलून खाली आले. पुढचे काही दिवस मी गच्चीवर गेलेच नाही. घरातल्या घरात, स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत फेऱ्या मारायचे. आरशासमोरून जाताना उगाच ताठ व्हायचे. भिंतीला टाचा आणि डोकं लावून उभी राहून बघायचे, डोकं टेकतंय का. टेकत होतं. पुन्हा बघायचे. रजा संपल्यावर ऑफिसातही बैठकीतून उठून बाहेर जायचे आणि प्रसाधनगृहातल्या भिंतीला डोकं लावून यायचे. नवऱ्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? की खालचे मामा म्हणजे पुढची मी आहे?

एक दिवस मामी वर आल्या. हातात डब्यात रसम होतं. डबा ओट्यावर ठेवून त्या बसल्याच नाहीत.

"यांनीं तुजला घाबरवलें," त्या म्हणाल्या. "मी बोललें त्यांना. पण एक ऐक, मा. यांच्या वेळीं कोणाला कांहीं कळालें नाहीं. सगळे म्हणत, वात आहे, तेल लाव. कळालें तेव्हां पाठ अशी झाली होती. तूं सांध्यांच्या डॉक्टराकडे जा. हाडांच्या नव्हें. सांध्यांच्या."

सांध्यांच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई निघाल्या. आधीच्या फिल्म त्यांनी पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. मग प्रश्न विचारत राहिल्या. सकाळी किती वेळ आखडलेलं असतं, विश्रांतीने काय होतं, दुखण्याची गोळी घेतली तर उतार पडतो का, डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, घरात कुणाला आहे का. मग मला कुशीवर झोपवून त्यांनी कंबरेखाली, जिथे पाठीचा कणा ओटीपोटाच्या हाडाला मिळतो तिथे, तळहाताने दाबलं. मी किंचाळले. इतक्या महिन्यांत दुखण्याच्या नेमक्या जागेवर कुणी पहिल्यांदाच हात ठेवला होता.

"मला इथला एमआरआय हवा आहे," त्या म्हणाल्या. संभाषण इंग्रजीत चाललं होतं.

"एमआरआय झालाय की," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात चीड होती. "तीच पाठ, तेच मशीन."

"मशीन तेच, जागा वेगळी. ती फिल्म या जागेच्या वरच्या मणक्यांची आहे. आणि चकती अशी थोडी बाहेर आलेली तुमचीही असू शकेल. कित्येकांची असते, दुखत नाही."

"मग साधा एक्स-रे काढू या ना या जागेचा."

"काढता येईल. पण एक्स-रेत दिसतं ते झालेलं नुकसान. हाड खाल्लं गेलेलं किंवा सांधा जुळून आलेला. ते दिसायला वर्षं जातात. मला आज आत सूज आहे का ते बघायचंय. सीटी स्कॅन हाड आणखी छान दाखवेल, पण सूज नाही, आणि या वयात ओटीपोटावर एवढे किरण मी टाळेन." मग त्या माझ्याकडे वळल्या. "दिवस राहिलेले असण्याची शक्यता?"

आम्हाला मूल हवं होतं. पाळी लांबली होती, फार नाही, पण लांबली होती, आणि मी ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

"असू शकेल," मी म्हणाले.

नवऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला अजून आठवतं.

"तसं असेल तर सगळंच थांबवू," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या महिन्यांत एमआरआयही अगदी गरज असल्याशिवाय नको. गोळ्याही जपून. खात्री करा, मग या."

परतताना ऑटो मांबलमच्या रेल्वेखालून जाणाऱ्या सबवेच्या तोंडाशी अडकली. चारी बाजूंनी हॉर्न. नवरा बाहेर बघत म्हणाला, "मला डॉक्टरांकडून कळायला हवं होतं का हे?"

"खात्री नव्हती."

"मला खात्री नको होती. मला तू सांगायला हवं होतं."

ऑटोत बसणं असह्य झालं होतं. मी उतरले आणि उरलेला रस्ता चालत आले. तो माझ्यामागे थोडं अंतर ठेवून चालत राहिला. घराच्या कोपऱ्यावर मी थांबले, तेव्हा तो जवळ आला आणि त्याने माझ्या हातातली फिल्मची पिशवी घेतली.

पुढचा आठवडा मी दोन उलट गोष्टी एकाच वेळी मागत होते. मूल असावं. मूल नसावं, म्हणजे फोटो काढता येईल. जेवताना, काम करताना, रस्ता ओलांडताना हेच. लवकर केलेल्या गरोदरपणाच्या तपासणीत 'नाही' आलं, पण तिच्यावर माझा विश्वास बसला नाही. मग एका दुपारी ऑफिसात पाळी आली. मी दार लावून रडले. सुटकेने रडले की दुःखाने, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ठीक आहे. परवाची वेळ घेतो." आणि मग फोन न ठेवता तसाच थांबून राहिला.

स्कॅन सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी घेतली आणि पावती काढून दिली. मी ती वाचली. त्यावर कंबरेच्या मणक्याचा एमआरआय असं लिहिलेलं होतं.

"हे नाही," मी म्हणाले.

"पाठदुखी ना? पाठदुखीला हाच काढतात."

"नाही. चिठ्ठी वाचा. खालच्या सांध्यांचा आहे." माझं मोडकंतोडकं तमिळ संपलं आणि मी इंग्रजीवर आले. माझा आवाज चढत होता. मागची रांग चुळबुळत होती. ती मुलगी म्हणाली, मॅडम, सगळं एकच असतं.

तेव्हा नवरा पुढे झाला. "एक नसतं," तो म्हणाला. "ती सांगतेय तिथलाच काढा. नाहीतर आतल्या डॉक्टरांना बोलवा."

आतले डॉक्टर आले, चिठ्ठी वाचली, आमच्या डॉक्टरबाईंना फोन केला आणि मान हलवत परत आले. वेगळा आहे, तिरक्या कापांचा, थोडं थांबावं लागेल. आम्ही थांबलो. म्हणजे तो बसला, मी फेऱ्या मारल्या.

आत जाण्याआधी अंगावरचा सगळा धातू काढायचा होता. मंगळसूत्र नवऱ्याच्या खिशात गेलं. जोडवी निघेनात. मला वाकता येत नव्हतं, म्हणून त्याने खाली बसून साबण लावून ती काढली. मग मी त्या बोगद्यात उताणी पडले आणि कुणीतरी सांगितलं, अजिबात हलू नका.

जगात मला करता न येणारी एकच गोष्ट होती आणि ती तीच. मशीन ठोकत होतं, घरघरत होतं, मध्येच थांबून पुन्हा सुरू होत होतं. कंबरेखाली ठसठस चढत गेली. उठून पळावंसं वाटत होतं. हाताशी दिलेलं रबराचं बटण दाबलं असतं तर बाहेर काढलं असतं, पण मग सगळं पहिल्यापासून. मी दात आवळून औरंगाबादच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता मनात चालत राहिले. शाळा आली की परत फिरायचे.

फिल्ममध्ये दोन्ही बाजूंना सांध्यालगतचं हाड पांढरं उजळलं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, ही सूज. एक्स-रेत ही अजून काही वर्षं दिसली नसती. कण्याचे सांधे सुजून हळूहळू एकमेकांना जुळत जाण्याचा हा आजार आयुष्यभराचा होता, हे त्यांनी लपवलं नाही. औषध होतं, रोजचा व्यायाम होता, आणि वेळेवर कळलं होतं. नवरा फिल्मकडे बघत राहिला. "म्हणजे तिचं खरं होतं," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर एका सकाळी मला घड्याळाच्या गजराने जाग आली. दुखण्याने नाही. मी उठून बसले आणि कुणीतरी चेष्टा करत असल्यासारखे जपून पाय खाली सोडले.

फिल्म घेऊन मी मामांकडे गेले. त्यांना ती उजेडासमोर वर धरून दाखवता येईना. मग ते आरामखुर्चीत मागे रेलले आणि मी ती त्यांच्या तोंडावर, खिडकीच्या उजेडात आडवी धरली.

"हें पांढरें?"

"हो. सूज आहे. औषधाने कमी होते म्हणाल्या."

ते बघत राहिले. "माझ्या फोटोंत असें पांढरें नव्हतें," ते म्हणाले. "सगळें जुळलेलें होतें. आग विझल्यावरचा फोटो माझा." मग हाताने फिल्म बाजूला सारून त्यांनी मामींना कॉफी ठेवायला सांगितलं.

पुढे दोनेक वर्षांनी, डॉक्टरांनी औषधं बदलून दिल्यावर, मला मुलगी झाली. ती व्हायच्या आधीचे महिने त्रासाचे गेले आणि नंतरचेही. आम्ही चेन्नई सोडलं. अजून लांबच्या प्रवासात मी डब्याच्या दाराशी उभी असते, नाटकाला गेले तर कडेची खुर्ची मागते. डॉक्टर बदलले की नवा डॉक्टर पहिल्यांदा कंबरेचा एक्स-रे लिहून देतो. मी चिठ्ठी हातात घेते, वाचते आणि टेबलाशी उभी राहूनच विचारते, यात तुम्हाला नेमकं काय बघायचंय?