राजीनाम्याआधीची जनावरं

घरात जुन्या चपला साठतात तसे आमचे किस्से साठलेत. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. आष्ट्यात तात्यांच्या पंक्चरच्या दुकानात आम्ही तिघं बसलो की एकेक बाहेर निघतो. आम्ही भरपूर हसतो. बाहेरच्या माणसाला हसू येईल का, याची खात्री नाही.

तिघं म्हणजे कोण, ते सांगतो. तात्या पंक्चर काढतात आणि फोन आला की साप धरायला जातात. मॅडम पलूसच्या, जनावरांच्या डॉक्टर. आणि मी, तेरा वर्षं औषध कंपनीचा एमआर. पॉलिश केलेले बूट, हातात बॅग, डॉक्टरांच्या दारात ‘दोनच मिनिटं, सर’ म्हणत ताटकळायचं! हे सोडून जनावरांचं, रानातल्या प्राण्यांचं काम कायमचं करायचं, असं मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं आणि रविवारचा मॅडमच्या हाताखाली शिकायला लागलो. का, ते नीट सांगता येत नाही. टेबलावरचं कुत्रं पुन्हा पायावर उभं राहिलं की मला जे वाटतं, ते टार्गेट पूर्ण झाल्यावर कधी वाटलं नाही, एवढंच.

अडचण एकच, आबा. माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या होकाराशिवाय राजीनामा देणार नाही, असा शब्द मी बायकोला दिला होता. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बी.एस्सी. करून गुरं राखायची व्हय रं?’ त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. काही हवं असलं की सुनेकडून निरोप यायचा.

*

पहिल्याच रविवारी एक गाय आली. पोट फुगलेलं, चारा बंद. मॅडमनी माझ्या हातात बादली दिली. पोट उघडलं आणि प्लास्टिक निघायला लागलं. दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅगा, दोऱ्यांची गुंतवळ. एक बादली भरली, दुसरी आणली. त्यात एक पिशवी अशी आली की तिच्यावरची अक्षरं अजून दिसत होती. मी ती पाण्याखाली धरली. नवरा-नवरीची नावं होती, आणि खाली ‘आपल्या आशीर्वादाबद्दल आभारी आहोत’. लग्नात नारळ घालून वाटतात, तसली पिशवी.

गाईचा मालक वाकून वाचत होता. ‘आमच्याच पोरीच्या लग्नातली हाय,’ तो म्हणाला. मग बादलीकडं बघून म्हणाला, ‘हजार वाटल्या की वो आमी.’

गाय तिसऱ्या दिवशी गेली.

*

तात्यांना येणारे निम्मे फोन साप मारून झाल्यावरचे असतात. माणसं आधी काठी हातात घेतात, मग मोबाईल. एका मळ्यात आम्ही पोचलो तर अंगणात धामण मरून पडलेली आणि शेजारी शेणींची छोटीशी चिता रचून तयार. मारलेल्या सापाला रीतसर अग्नी दिला नाही तर तो डूख धरतो, अशी आपल्याकडची समजूत. तांब्याचा पैसासुद्धा ठेवला होता.

तात्यांनी सांगितलं की ही धामण, बिनविषारी, तुमच्याच रानातले उंदीर खात होती. घरचे एकमेकांकडं बघायला लागले. मग घरातल्या म्हाताऱ्यानं काडेपेटी पुढं केली. ‘आवं तात्या, अग्नी तुमीच द्या. त्यांच्याकडचं तुमीच की.’

तात्यांनी दिला. चहाचा आग्रह झाला, तो मात्र घेतला नाही. ‘मयताकडचा माणूस चहा पितो व्हय?’ म्हणाले आणि गाडीला किक मारली.

*

ऊसतोड सुरू झाली की मॅडमचा फोन दिवसभर वाजतो, कारण फडात पिल्लं सापडतात. मागच्या हंगामात मेसेज फिरला, ‘बिबट्याची चार पिल्लं’. जाऊन बघतो तर रानमांजराची होती, डोळे नुकते उघडलेली. अशा वेळी खरं तर काहीच करायचं नसतं. पिल्लं आहेत तिथंच ठेवायची, माणसं लांब घ्यायची, आई येऊन नेते. इथं अर्ध्या गावानं ती मांडीवर घेऊन फोटो काढले होते. शाळेचा एक वर्ग रांगेनं हात लावून गेला होता. एका मावशींनी मायेनं वाटीभर म्हशीचं दूध पाजलं होतं.

उन्हं उतरेपर्यंत तीन गेली. मॅडम त्यांना फडक्यात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, ‘ही भुकेनं नाही गेली. कौतुकानं गेली.’

चौथं आम्ही पेटीत घालून फडाच्या कडेला ठेवलं आणि लांब जाऊन बसलो. दिवस मावळताना आई आली आणि त्याला तोंडात धरून घेऊन गेली. आम्ही खूश झालो. तेवढ्यात ती परत आली, रिकामी पेटी हुंगली आणि गेली. मग आणखी एकदा आली.

*

माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला, एका धनगर म्हाताऱ्याची नऊ मेंढरं एका दुपारी मेली. औषध फवारलेल्या रानात शिरली होती. मॅडम उघड्यावरच पोस्टमॉर्टेम करत होत्या आणि मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. म्हातारा एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. ‘लांडगा एक न्हेतोय, पर खातोय तरी,’ एवढंच म्हणाला.

मग माझ्या बुटांकडं बघून त्यानं विचारलं, मी काय करतो. मी म्हणालो, नोकरी सोडून हेच करायचा विचार आहे. त्याचा मुलगा मेंढरं सोडून मुंबईला हमाली करायला गेलेला. म्हातारा म्हणाला, ‘मग असं करा की. तुमी हिकडं या, माझ्या पोराला तुमच्या जाग्यावर घ्या.’

तो चेष्टा करत नव्हता. मी म्हणालो, कंपनीत विचारून बघतो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

*

गेल्या उन्हाळ्यात पलूसच्या पुढं एका विहिरीत बिबट्या पडला. सकाळची वेळ. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन निघाली होती, मॅडम वाटेत होत्या, पोचलेला मी एकटाच. बिबट्या मोटरच्या पाइपला कवळ घालून कसाबसा तरंगत होता. मी एक बाज मागवली, चार कोपऱ्यांना दोर बांधून खाली सोडली. तीन दोर काठावरच्या झाडांना बांधले, चौथा पुरेना म्हणून पाइपलाच बांधला. बिबट्या बाजेवर चढला. ओला, थरथरणारा, अंग चोरून बसला. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. तेरा वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मोटर ऑटोवर होती. आपल्याकडं सगळ्यांच्याच असतात. थ्री फेज लाईट आली की शेतात कुणी असो-नसो, मोटर आपोआप सुरू होते. मी शेतकऱ्याच्या घरचा, स्टार्टर बंद करा म्हणायला एक सेकंद लागला असता. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

लाईट आली. पाइपला हिसका बसला, गाठ सुटली, बाज कलंडली. बिबट्याच्या अंगात पोहायचं त्राण उरलं नव्हतं. कुणीतरी धावत जाऊन मोटर बंद केली, तोवर पाण्यावर नुसती बाज होती.

दुसऱ्या दिवशी तिथल्या चौकात फ्लेक्स लागला. ‘कै. बिबट्या यांस भावपूर्ण श्रद्धांजली’. मध्ये बिबट्याचा फोटो, त्याला छापील हार. खाली शोकाकुल म्हणून सरपंच, तरुण मंडळाचे अध्यक्ष, सगळे हात जोडून. आणि वर उजवीकडं, गोलात, माझा फोटो. मावसभावाच्या लग्नातला, गॉगल लावलेला. खाली माझं पूर्ण नाव आणि ‘प्राणीमित्र’.

मी बघायला गेलो नाही. घरात बसून होतो, जेवण जात नव्हतं.

आबा गेले. स्कूटर काढून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. चौकातल्या चहावाल्याला सांगून फ्लेक्सशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. घरी येऊन माझ्यासमोर बसले आणि फोन माझ्यापुढं धरला. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच माझ्यासमोर बसले होते.

मी म्हणालो, ‘आबा, ती दोरी मी बांधली हुती. मोटर बंद कराय मी इसरलो. माझ्यामुळं मेला त्यो.’

आबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. माझं नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

‘ते कुटं लिवलंय ह्याच्यावर?’ आबा म्हणाले. ‘सोमवारी राजीनामा टाक.’