पंचफुलामावशींची गाठ

मे महिन्यातला रविवार आहे. दुपारचे दोन वाजून गेलेत आणि अकोल्याच्या उन्हाने गल्लीत चिटपाखरू ठेवलेलं नाही. डॉक्टर शलाका देऊळकर कूलरसमोर सतरंजी टाकून आडवी झाली आहे. झोपायचं तिच्या मनात नाही. जरा पाठ टेकायची, मग उठून तो कागद पुन्हा वाचायचा आणि सही करायची की नाही ते ठरवायचं, एवढंच. कागद उशाशी आहे. उडू नये म्हणून वर मोबाइल ठेवलाय.

कागदावर अकरा मांजरांचे क्रमांक आहेत. ही अकरा जनावरं असाध्य आजारी असून त्यांना वेदनारहित मरण द्यावं असं पशुवैद्यकांचं मत आहे, असं त्यावर टाइप केलंय. पशुवैद्यक म्हणजे शलाका. ज्या संस्थेच्या प्राणी-निवाऱ्यात ती सात वर्षं काम करते, तिचे अध्यक्ष राजाभाऊ सावजी यांनी काल तो तिच्या हातात दिला. "सोमवारी सही करून आणा, मॅडम. बाई गेली, केस बंद झाली. आता ही मांजरं कोणाचीच नाहीत," असं म्हणाले आणि गाडीत बसले.

बाई म्हणजे पंचफुला गावंडे. बाळंतपणाच्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षं आया म्हणून राबली, निवृत्त झाली आणि जुन्या शहरात दोन खोल्यांत एकटी राहिली. एकटी म्हणजे माणूस एकटं. मार्चमध्ये शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पोलीस, महापालिकेची गाडी आणि शलाका तिच्या दारात गेले, तेव्हा आत बासष्ट मांजरं निघाली. मुताच्या वासाने हवालदार उंबऱ्यावरूनच मागे फिरला. पिल्लांचे डोळे पुवाने चिकटले होते, अंगं खरजेने सोलली होती. त्यातली चार खाटेखाली मेलेली होती. पंचनाम्यावर शलाकाने सही केली आणि त्या क्षणापासून मांजरं कायद्याच्या भाषेत मुद्देमाल झाली. निवाऱ्यात जागा तिसांची. त्यात अठ्ठावन्न कोंबली. साथ लागली आणि पंधरा दिवसांत सव्वीस गेली. जी धडधाकट होती त्यांना हळूहळू घरं मिळाली. उरली ती ही अकरा.

पंचफुलामावशी रोज दुपारी निवाऱ्याच्या फाटकाशी येऊन बसायची. आरोपीला मुद्देमालापाशी जाऊ द्यायचं नाही, असा नियम होता. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी ती घरात मेलेली सापडली. शलाका तिच्या मातीला गेली नाही.

कूलरमधलं पाणी संपत आलंय. पंप कोरडा घरघरतोय. उठून बादली ओतायला हवी असं शलाकाला वाटतं, पण हात हलत नाही. घरघर जवळ येते, कानाशी येते, उबदार होते. मांजर पोटाशी येऊन बसावं, तशी.

"पानी संपलं वं माय यातलं," कोणीतरी म्हणतं.

पंचफुलामावशी कूलरला पाठ लावून बसली आहे. पाय लांब केलेत. अंगावर वॉर्डातलं निळ्या काठाचं पांढरं पातळ, डोक्याला चप्प तेल. शलाकाला नवल वाटत नाही. फक्त उशाशी कागद आहे त्याची लाज वाटते आणि ती तो हळूच उशीखाली सारते.

"मावशी, तुम्ही कशा आलात?"

"चालत आली. आज फाटकावर कोनी नोतं."

"जेवलात का?"

"तू जेवली का ते सांग. तोंड पाह्य कसं झालं तुह्यं." मावशी गुडघ्यावर हात टेकून उठते. "चाल. ड्युटीची येळ झाली."

शलाका तिच्यामागून स्वयंपाकघरात जाते आणि स्वयंपाकघर लांबच लांब वॉर्ड आहे. भिंतींना कमरेपर्यंत हिरवा रंग. दोन्ही बाजूंना पाळणे, लोखंडी, पांढऱ्या रंगाचे पोपडे निघालेले. प्रत्येक पाळण्यात फलालीनच्या कापडात गुंडाळलेलं एक मांजर. तोंड तेवढं बाहेर. सगळी जागी आहेत आणि एकही आवाज करत नाही.

मावशी पाळण्यापाळण्याशी थांबते, फलालीन सोडते, पुन्हा नीट गुंडाळते. तिचे हात भराभर चालतात.

"इथं आम्ही लेकराच्या मनगटाले पट्टी बांधत होतो," ती म्हणते. "आईचं नाव लिहून. कोनाचं कोन, ते समजाले पायजे ना. तुमी काय लिहिलं यायच्या पट्टीवर?"

"नंबर."

"अन् तो हवालदार म्हने मुद्देमाल. मुद्देमाल म्हंजे काय वं?"

"जप्त केलेली वस्तू, मावशी."

"वस्तू," मावशी म्हणते आणि एका मांजराच्या गळ्याखाली बोट फिरवते. "वस्तू असं करते का?" मांजराने डोळे मिटून मान वर केली आहे.

पुढच्या पाळण्यात एक पिवळसर, एकाक्ष बोका आहे. मावशी तिथे थांबते आणि तिच्याकडे वळून विचारते, "हे कोनाचं?"

"तुमचं."

"नीट पाह्य."

शलाका पाहते. तिला दिसतं ते पाळण्यातलं मांजर नाही, बुटांचा खोका आहे. तो तिच्या स्वतःच्या स्कूटीच्या पायाशी आहे आणि ती मावशीच्या दारात स्कूटी बंद न करताच उभी आहे. आमच्याकडे जागा नाही हो मावशी, चारच दिवस ठेवा, मग नेते. हे वाक्य तिने म्हटलेलं तिला ऐकू येतं, घाईचं, गोड आवाजातलं. चार दिवसांनी ती नेणार नव्हती. म्हणतानाच तिला ते ठाऊक होतं.

"हे बी तुह्यंच," मावशी पुढच्या पाळण्यावर हात ठेवते. "हे बी. अन् ह्या तिघी बहिनी, पोत्यात आनल्या होत्या तू. पोतं बी नाही नेलं वापस."

शलाका मोजते. मोजायचं नसतं तरी मोजते. चौदा. चौदा तिने हाताने नेऊन दिलेली. आणि फोनवर लोकांना पत्ता देऊन तिकडे पाठवलेली किती, त्याचा हिशेबच नाही. पंचफुलामावशी ठेवून घेतात, त्यांना नाही म्हणता येत नाही, असं ती लोकांना सांगायची आणि फोन ठेवताना तिला हलकं वाटायचं.

"हे पंचनाम्याच्या कागदात लिहिलं का तू?" मावशी विचारते. आवाजात राग नाही. बाळंतिणीला ताप आहे का, असं विचारावं तसं.

"नाही."

"काहून?"

"कोणी विचारलं नाही."

मावशी मान हलवते. "मले इचारलं होतं त्या हवालदारानं. एवढी मांजरं आनली कुठून म्हने. मी म्हनलं, आली आपोआप."

"का? माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुही नोकरी गेली असती ना वं."

शलाकाला खाली बसावंसं वाटतं आणि ती बसते, तर खाली खाट आहे. खाट मावशीच्या घरातली. पायाखालची फरशी चिकट आहे, खिडकीला पुठ्ठे लावलेत, हवा डोळ्यांत झोंबते. चादर खाटेवरून ओघळून जमिनीला टेकली आहे. चादरीमागे काय आहे ते तिला माहीत आहे. तिला राग येतो. मेलेल्या माणसावर कसं रागवायचं म्हणून इतके दिवस तो तिने दाबून ठेवला होता.

"मावशी, खाटेखाली चार होती."

"होती."

"तुम्हाला वास येत नव्हता?"

"येत होता."

"मग उचलली का नाहीत? पिल्लांचे डोळे गेले, मावशी. एकेकाचं अंग सोललं होतं. मला एक फोन करायचा होतात."

"केला असता तं तू अजून एक घेऊन आली असती," मावशी म्हणते. मग चादरीचा काठ चिमटीत धरते. "नाही. तुह्यावर कायले ढकलू. मोजलं का मले भेव लागे. वीस झाले तवा मोजनं सोडून देलं. मंग एक मेलं. त्याले उचललं असतं तं बाकीचे बी पाहा लागले असते. म्हनून चादर खाली ओढली. दिसलं नाही का मंग रात निघून जाते." ती आपल्या तळहाताकडे बघते. "तडफडले असतील ना वं?"

"हो."

"अन् तुह्यापाशी नेले ते?"

 "सव्वीस मेली. पिंजरे कमी होते. एकात चार-चार ठेवली."

"मले फाटकातून ऐकू ये," मावशी म्हणते. "रडनं ओयखू ये. कोन हाय ते बी समजे."

ती खाटेवर शलाकाला सरकवते आणि शेजारी बसते. दोघींच्या वजनाने खाट करकरते. मावशी उशीखाली हात घालते आणि कागद बाहेर काढते. तिला तो तिथेच असणार हे ठाऊक होतं.

"वाच."

"मावशी, नको."

"मले वाचता येत नाही. तू वाच."

शलाका वाचते. "नऊ."

"कसं हाय ते?"

"पांढरी. डावा कान फाटलेला. कोणी जवळ गेलं की भिंतीला चिकटते."

"ते सिस्टर. तिले काय झालं?"

"तिला कोणी घेत नाही. ती माणसांना घाबरते."

"भेनं बिमारी होय का?"

शलाका बोट खालच्या ओळीवर सरकवते. पुढचा क्रमांक वाचते. आंधळं आहे. मावशी हसते. "तो लाइट. वाटी वाजवली का बराबर येते. एवढ्यासाठी कोनी मारत नाही त्याले. पुढचं." एकामागून एक क्रमांक येतात आणि मावशी एकेकाला त्याचं नाव परत देते. शलाका कागदाच्या कडेला लिहीत जाते. पेन कुठून आलं ते तिला कळत नाही.

"सत्तेचाळीस," ती वाचते. "म्हातारा बोका. किडन्या गेल्यात. पाणी पितो आणि ओकतो. उभा राहत नाही आता."

मावशीच्या मांडीवर तो आहे. कधी आला ते शलाकाने पाहिलं नाही. हाडं वर आलेली, केस चिकटलेले.

"हा डिस्चार्ज," मावशी म्हणते. "मी रिटायर झाली त्या दिवशी आला. पयला." ती त्याच्या पाठीवरून हात फिरवते, एकदा, दोनदा, आणि मग त्याला उचलून शलाकाच्या ओंजळीत ठेवते. "याले सोडून दे."

"मावशी..."

"याले दुखते. तू डाक्टर हाय, तुले समजते. मले बी समजे. मले सोडता येत नोतं वं, म्हनून तं हे सारं झालं." ती तोंडाला पदर लावते. "याले सोड. त्या पोटात गाठ झालेल्या मायले सोड. अन् ते जबडा सडलेलं. तिघायले. हातात घेऊन सोडजो, पिंजऱ्यात नको."

"आणि बाकीची आठ?"

"बाकीचे चांगले हायेत."

"पण त्यांना ठेवणार कोण, मावशी? कोणी घेत नाही त्यांना. मी कुठे नेऊ?"

पंचफुलामावशी तिच्याकडे नुसती बघते.  खोलीत आता एकही मांजर नाही, पुठ्ठे नाहीत, खिडकी सताड उघडी आहे आणि बाहेर निवाऱ्याचं फाटक आहे, कुलूप लावलेलं.

"पुन्हा मलेच आनून देतं का?" मावशी विचारते.

शलाकाला रडू फुटतं. मावशी तिचं तोंड पुसत नाही. तिच्या ओढणीचं टोक ओढून घेते, पीळ देते, गाठ मारते आणि वाकून दातांनी ती आवळते.

"विसरशील तू," ती म्हणते. "तुले सवय हाय."

मोबाइल वाजतोय. शलाका डोळे उघडते. कूलर गरम हवा फेकतोय, गालावर सतरंजीच्या विणीचे वळ उठले आहेत. कागद उशाशीच आहे, सहीची जागा कोरी, कडेला एकही अक्षर नाही. सावजींचा फोन आहे.

"झाली का हो मॅडम सही? उद्या सकाळी दहाला मीटिंग आहे."

"तिघांची करते, भाऊ. त्या तिघांना खरंच त्रास आहे. बाकीच्या आठांची नाही करणार."

"म्हणजे? ठेवायची कुठे ती आठ?"

"ते उद्या मीटिंगमध्ये बोलू. मागची खोली सामानाने भरलीय, ती रिकामी करता येईल. काही मी घरी आणीन. सगळी नाही आणणार." शेवटचं वाक्य ती पुन्हा एकदा म्हणते, जणू सावजींना ते ऐकू आलं नसावं. "आणि भाऊ, अजून एक. त्या बाईंच्या घरातली चौदा मांजरं मी स्वतः नेऊन दिली होती. आपल्याकडे जागा नव्हती म्हणून. ते मी लेखी देणार आहे."

 मग सावजी आवाज खाली आणून विचारतात, "तुम्हाला कोणी विचारलंय का ते?"

"नाही."

"मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता? बाई तर गेली."

 "उद्या दहाला येते," एवढंच ती म्हणते आणि फोन ठेवते.

तिला सिस्टर आठवते, लाइट आठवतो. बाकीची नावं निसटून चालली आहेत. पेन शोधायला म्हणून ती घाईने उठते, तर अंगाभोवती गुरफटलेली ओढणी पायात येते. ती सोडवताना हाताला काहीतरी टणक लागतं.

ओढणीच्या टोकाला गाठ आहे. लहान, चपटी, गच्च आवळलेली. शलाका नखाने ती उकलून पाहते. उकलत नाही. कापड तेवढ्याच जागी ओलं आहे.