बर्फापर्यंत न पोचलेलं हेलिकॉप्टर

ते हेलिकॉप्टर का रद्द झालं, असं आजही कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. का म्हणजे काय? कुणी "नको" म्हणालं नाही म्हणून. बस्स.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नगरच्या कॅम्पात, लष्करासाठी काम करणाऱ्या एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. साहेब लोक पेन्सिलीनं आराखडे काढायचे, ते मी पातळ ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवायचे. तिथं एका हेलिकॉप्टरचं काम चालू होतं. उंच बर्फावरच्या ठाण्यांतून जखमी जवान खाली आणायचे, एवढ्याचसाठी ते होतं. हलकं, साधं, पोटात दोन स्ट्रेचर.

आमच्या घरात त्या हेलिकॉप्टरचा नुसता जप चालायचा. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तसल्याच एका ठाण्यावर होता. थंडीनं त्याचे पाय काळे पडले. सोबत्यांनी त्याला आधी पाठीवर, मग खेचरावर बांधून खाली आणलं, पण इस्पितळ गाठेस्तोवर उशीर झाला होता. दोन्ही पाय गुडघ्याखाली कापले. तो काष्टीला, आमच्या गावी, घरी आला आणि थोड्याच दिवसांत आमचा धाकटा लष्करात भरती झाला. आई रडली, दादानं शिव्या घातल्या, पण धाकटा ऐकतोय कुठला! आणि नशीब बघा, त्यालाही बर्फावरच धाडलं.

त्यामुळं शनिवारी एसटीतून उतरून मी घरात पाऊल टाकायचा अवकाश, दादा विचारायचा, "बाई, कुठवर आलं गं तुझं मशीन?"

"होतंय रे दादा."

"व्हतंय म्हंजी कवा? त्यो तिकडं बर्फात बसलाय!"

शेडमध्ये सुतारांनी हेलिकॉप्टरचा लाकडी सांगाडा उभा केला, खऱ्याच्या मापाचा. स्ट्रेचर नीट बसतं का, हे बघायला कुणाला तरी आत निजवायचं होतं. मी तडक मोठ्या साहेबांना म्हणाले, "माझ्या भावाला आणते." दादा टेम्पोत बसून आला. सुतारांनी उचलून त्याला आत ठेवलं. तो वर बघत पडून राहिला, निघायलाच तयार नाही. मग म्हणाला, "साहेब, ह्ये किती वर चढंल?" साहेब म्हणाले, "तुम्ही होतात तिथपर्यंत. तेच तर काम आहे त्याचं." परत जाताना दादा काहीतरी गुणगुणत होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि मग सुरू झाला बारभाई कारभार. दिल्लीहून साहेब यायचे. एक म्हणाले, खालून गोळी आली तर? पोलादी पत्रा हवा. बरोबरच होतं. दुसरे म्हणाले, नुसता मार खात बसायचं का, मशीनगन हवी. तेही बरोबर. मग युद्ध झालं, तेव्हा वाळवंटवाल्यांना वाळू अडवायच्या जाळ्या पाहिजे झाल्या. कुणाला रॉकेट हवं, कुणाला पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी खुर्च्या. घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला अख्खी भावकी गेली की असंच होतं. एकाला शिंगं बघायची असतात, एकाला रंग, एकाला चाल, आणि शेवटी एखादा विचारतोच, दूध किती देतो? आमच्या साहेबांनी एकदाही "हे बसणार नाही" असं म्हटलं नाही. "जी सर. होईल सर." वरच्याला नाही कसं म्हणायचं!

दर खेपेला मी ब्लेडनं जुन्या रेघा खरवडायचे नि नव्या ओढायचे. कापडाला भोकं पडायची वेळ आली. वजन वाढलं की मशीन कमी उंच चढतं, हे तिथं शिपायालाही ठाऊक होतं. मग त्याला मोठं इंजिन हवं. ते परदेशातून आणायचं, त्याला इंधन जास्त, त्या इंधनाचं वजन आणखी. एके दिवशी मी खरवडत होते ते चक्क स्ट्रेचर होतं. त्या जागी गोळ्यांची पेटी आली. मी ब्लेड टेबलावर आपटलं. "आणि जखमी कुठं ठेवायचा? टपावर?"

साहेब वर न बघता म्हणाले, "तुम्ही ट्रेस करा, बाई."

दुष्काळाच्या साली ते सगळंच रद्द झालं. कारण काय दिलं? ठरलेल्या उंचीवर पोचणार नाही. अरे देवा! ज्यांनी खांद्यावर धोंडे ठेवले तेच म्हणणार, हा चढत नाही. खर्च हाताबाहेर गेला, त्यापेक्षा तयार मशीन बाहेरून घेऊ, असंही म्हणाले. घेतील तेव्हा घेतील. शेडमध्ये सुतार सांगाडा फोडत होते आणि मी पदर तोंडात कोंबून रडत होते.

घरी जाऊन मी एका दमात सांगून टाकलं. धाकटा तेव्हा रजेवर आलेला होता. दादानं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून निजला. भाकरीला हात लावला नाही. सकाळी उठल्या उठल्या धाकट्याला म्हणाला, "ये हिकडं. मला पाठीव घे."

"आता काय ह्ये, दादा?"

"घे म्हन्तो न्हवं! मशीन येत न्हाई. मानूस कसा आनायचा त्ये तरी शीक."

"तिकडं शिकवत्यात की आमाला."

"म्हाईत हाय. सपाटीला शिकवत्यात. तू बांधावरनं चाल."

धाकट्यानं त्याला पाठीवर घेतलं. दादा वरून ओरडत होता, "वाकू नगं! मांडीला धर. दम लागला तरी थांबायचं न्हाई. थांबला की दोगंबी जात्यात." ऊन चढलं. रानात हिरवं पान नव्हतं, आणि हे दोघे बांधावरून या टोकाचे त्या टोकाला. आई दारातून विनवत होती, "आरं, पुरं करा रं! लोक बघत्यात." ऐकतोय कोण! मी पाण्याचा तांब्या घेऊन बांधाकडं गेले.

धाकटा थांबला होता. अंगावरून घाम निथळत होता. त्यानं पाणी घेतलं नाही. दादाला पाठीवर तसाच ठेवून तो म्हणाला, "दादा, दुसऱ्याला मी आनीन. पर मी पडलो, तर मला कोन आननार?"

दादा धाकट्याच्या मानेत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडायला लागला. धाकट्यानं त्याला खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं तर दोघांना एकमेकांची तोंडं दिसली असती.