आमच्या नळातलं चामडं

आईच्या डोक्यावर हात ठेवून मी जन्मात एकदाच खोटी शपथ घेतली, आणि तीही नळाच्या तोटीसाठी.

गोंदियात विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी एक जुनं घर घेतलं. आधीचा मालक रेल्वेचा ठेकेदार. त्यानं कुठल्याशा साहेबाला गाठून रेल्वेच्या उंच टाकीपासून थेट आपल्या घरापर्यंत नळ ओढून घेतला होता. (लोक साहेबाकडे नोकरी मागतात, ह्यानं पाणी मागितलं.) स्वयंपाकघर, मोरी, अंगण धरून घरात पाच तोट्या. मी हरखून आईला गावाहून आणलं. आई सोवळ्याची. तिनं नळ पाहिला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबली.

"ह्याच्या तोटीत चामडं रायते म्हनतात. मी हे पानी पेनार नाही."

तोटीत चामड्याचा वायसर असतो हे खरंच होतं. पण बायकोला सातवा महिना लागलेला, आणि विहीर घरामागे, अशी खोल की बादली सोडली की ती पाण्याला लागेपर्यंत माणसानं एक जांभई द्यावी. मी छाती काढून म्हणालो, "आई, ते जुन्या काळी. आता रबर असते."

"माह्या डोक्यावर हात ठेव."

ठेवला. काय करता.

"आयकून ठेव," आई म्हणाली. "ज्या दिवशी ह्यातून चामडं निंगंल, त्या दिवशी मी चोरखमाऱ्याले, तुह्या मोठ्या भावाकडे. पुन्हा तुह्या दारी पानी मागनार नाही."

तेव्हापासून माझी झोप उडाली. आई बोललेलं करते, हे मला ठाऊक होतं. शेवटी पापाला उतारा म्हणून मी पहाटे उठून विहिरीचं पाणी ओढायला लागलो. दोन घागरी, खास आईसाठी. डॉक्टरनं व्यायाम सांगितला आहे अशी थाप मारून त्या मी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवायचो. शपथ खोटी तर खोटी, निदान आईच्या पोटात चामड्याचं पाणी जायला नको. मग गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर एक थाप मारायची आणि आंघोळीला जायचं. असं आठ वर्षं चाललं, पोटातलं पोर शाळेत जायला लागलं तरी. थंडीतसुद्धा.

आठव्या वर्षी नळाला लाल पाणी यायला लागलं. आईचं पांढरं लुगडं वाळत घातलं की गेरूत बुडवल्यासारखं दिसायचं. सुकलाल मिस्त्री आला, त्यानं भिंतीतल्या पाइपावर पान्यानं टकटक केली आणि तिथंच भोक पडलं.

"गुरुजी, पूरी लाइन सडली," तो म्हणाला. "थिगळं लावून काही होत नाही. घरभर नवे पाइप टाका लागते. सोमवारी येतो, सगळ्या तोट्या खोलतो."

"येजो," आई म्हणाली. "मी बसतो समोर."

मला घाम फुटला. सोमवारी पाच तोट्या, पाच चामडी, आणि समोर आई. मी तिला म्हटलं, दोन दिवस दरेकशाला मावशीकडे जाऊन ये. ती म्हणाली, "घरात मिस्त्री येऊन रायला न मी मावशीकडे जाऊ? देवघर कोन पायते?"

मग माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. सायकलची जुनी ट्यूब कापून मी पाच गोल रबरी चकत्या केल्या. रविवारी दुपारी आई लवंडली की तोट्या खोलायच्या, चामडं काढायचं, रबर बसवायचं. सोमवारी सुकलाल खोलेल तर आत रबर, आणि माझी शपथ आठ वर्षं उशिरा का होईना, खरी. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली,

"अहो, मिस्त्रीच्या हातचं काम मिस्त्रीले करू द्या ना."

"मी मुलांना पाण्याचा दाब शिकवतो," मी म्हणालो.

फाटकाजवळ मुख्य चावी होती. ती मी पाणी बंद करायला जोर लावून, दात-ओठ खाऊन, फिरेल तितकी फिरवली. पाइप जुने म्हणून ठेकेदारानं ती चावी अर्धी बंद करून ठेवली होती, हे मला नंतर कळलं. मी ती उलटी फिरवून सताड उघडली होती, हे मात्र लगेच कळलं.

कारण स्वयंपाकघरातल्या तोटीला पाना लावून दोन आटे सैल केले, तोच तोटीचं डोकं माझ्या कानाजवळून छताला जाऊन लागलं. मागोमाग पाणी. मी नळावर हात दाबला, तर मोरीतला पाइप फुटला. मोरीकडे धावलो, तर भिंतीतून, जिथं पाइप आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं तिथून, कारंजं उडालं. लाखोरीच्या डाळीचा डबा आडवा होऊन डाळ अंगणाकडे निघाली. मी वरून खालपर्यंत लाल झालो होतो.

"अगं, चावी!" मी ओरडलो.

बायको शांतपणे फाटकाशी गेली, चावी उजवीकडे फिरवली आणि पाणी थांबलं.

घरात एकदम सामसूम. देवघराच्या दारात आई उभी होती. तिची नजर माझ्यावर नव्हती. तोटी उडाली तेव्हा तोटीच्या पोटातली चकती पाण्याबरोबर उडून नेमकी बाळकृष्णाच्या पुढ्यात, फुलांच्या ताटलीत पडली होती. काळी, जाड, गोल. चामड्याची.

चोरखमाऱ्याची गाडी किती वाजता आहे, हे डोक्यात येऊन गेलं. आईशिवाय हे घर कसं दिसेल ते मला दिसायला लागलं, आणि खरं सांगतो, चाळिशीच्या वयात रडू फुटायला आलं.

"आई, मी..."

आईनं ती चकती चिमटीत उचलली, उजेडात धरली, बोटानं दाबून पाहिली.

"सुकलालनं टाकला होता तोच वायसर हाये," ती म्हणाली. "आठ वर्षं टिकला. पोरगा काम चांगलं करते."

मी पाना खाली ठेवला.

"तू पेपर तपासाले नागपूरले गेला होता. नळ गळून रायला होता, म्हनून बोलावलं त्याले. माह्या समोर खोलला."

"मग तू गेली काऊन नाहीस?"

"कायले जाऊ?" आईनं सुनेकडे पाहिलं. "तिले दिवस भरत आले होते. त्या विहिरीवरून पानी ओढू देऊ काय तिले? देवाले म्हनलं, ह्या पान्याचं जे काय पाप असंल ते माह्या नावावर टाक. पोरगं खोटं बोललं, पन बायकोसाठी बोललं."

मी मटकन त्या चिखलातच बसलो. मग हळूच एक गोष्ट ध्यानात आली.

"म्हणजे तू आठ वर्षं नळाचंच पाणी पितेस?"

"हो. त्यात डाळ लवकर शिजते."

"आणि मी रोज पहाटे ओढून आणतो ते?"

बायकोनं पदर तोंडाला लावला आणि ती डाळ गोळा करायला अंगणात निघून गेली.

"आई, त्या दोन घागरी?"

"गोठ्यात नळ नाही ना रे," आई म्हणाली. "म्हशीले देतो."

सोमवारी सुकलाल आला. घरभर नवे पाइप पडले. आई समोर बसून होती आणि त्याला बजावत होती, "चामड्याचाच टाक. रबर टिकत नाही." मी म्हटलं, आता एक नळ गोठ्यातही घेऊन टाकू. आई नको म्हणाली. म्हणे, मास्तर पहाटे उठतो, त्याची तब्येत बरी राहते.

ती म्हैस पुढे पुष्कळ वर्षं जगली. आमच्या घरात चामड्याच्या पाण्याला जन्मभर शिवला नाही असा तो एकच प्राणी, आणि तिचं सोवळं सांभाळायला विज्ञानाचा मास्तर होता.